क्लिप-इन फिल्टर कॅमेऱ्यात खुळखुळतो, घट्ट कसा बसवायचा?

मृगशीर्ष (प्रश्न)

ताऱ्यांचे फोटो काढतो, त्याचं सामान आधी सांगतो. कॅननची ईएफ माउंटची डीएसएलआर, एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, हायड्रोजन आल्फासाठी (तेजोमेघांचा लाल प्रकाश) आतला फिल्टर बदललेली. मिरर बॉक्समध्ये (लेन्समागची आरशाची पोकळी) बसणारा क्लिप-इन ड्युअल-बँड फिल्टर, म्हणजे प्रकाशाचे दोनच पट्टे आत सोडणारा: आल्फा आणि ऑक्सिजन-३ असे दोन पट्टे, प्रत्येकी ७ नॅनोमीटरचे. काच १ मिमी जाड. १३५ मिमी एफ/२ लेन्स, आणि ४०० मिमी फोकल लांबीची एफ/५.५ अपवर्तक दुर्बीण, फील्ड फ्लॅटनरसकट (कोपऱ्यांपर्यंत फोकस सारखा ठेवणारं भिंग).

तक्रारी अशा:

१. लेन्स काढून बॉडी कानाजवळ हलवली की बारीक खुळखुळ ऐकू येते. फिल्टरच्या फ्रेमची एक कड अंदाजे अर्धा मिमी वर उचलली जाते.

२. दर पाच-सहा फ्रेमांमागे (म्हणजे फोटोंमागे) एका फ्रेममध्ये सगळेच तारे जुळे येतात. सगळ्यांची दिशा एकच, अंतर दीड पिक्सेलच्या आसपास. लेन्स असो वा दुर्बीण, अंतर तेवढंच. गायडिंगचा (दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा) आलेख त्या वेळी शांत असतो.

३. दुर्बिणीवर उजव्या खालच्या कोपऱ्यातले तारे लांबट येतात.

४. १३५ मिमीवर एफ/२.८ ला ठळक ताऱ्यांभोवती सुमारे सव्वाशे पिक्सेल व्यासाचं वलय दिसतं.

फ्रेमच्या कडेला गोंदाचे दोन ठिपके देऊन कायमचं बसवून टाकावं असा विचार आहे. त्यात काही धोका आहे का? की ही सगळी दुखणी दुसऱ्याच कशाची आहेत? पुढेमागे मिररलेस घ्यायचा आहे, तिथे बसवण्यात काय वेगळं असतं तेही सांगा.

तिपाईवाला

गोंद नको. इन्स्टंट ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. त्याची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते, आणि बंद मिरर बॉक्समध्ये ती फिल्टर, आरसा, फोकसिंग स्क्रीन अशी सगळीकडे बसते. सिलिकॉन सीलंटही नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. शिवाय फिल्टर कधीतरी काढावा लागतोच, आणि तेव्हा ओढाताण होते ती मिरर बॉक्सच्या प्लॅस्टिकची.

खुळखुळ आणि एकाच कडेला अर्धा मिमी उचल, या दोन्हींवरून एक कान कठड्याखाली गेलेला दिसत नाही. क्लिप-इन फिल्टर चहूबाजूंनी आवळून धरलेला नसतो. दोन-तीन ठिकाणी कान किंवा स्प्रिंग असतात, ते आतल्या कठड्यात अडकतात. एक सुटा राहिला तरी फिल्टर पडत नाही, त्यामुळे बसला असंच वाटतं.

आधी तो काढा आणि पहिल्यापासून बसवा. कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. बॅटरी काढायची कारण हात चुकून शटर बटणावर गेला आणि आरसा उडाला तर फिल्टर, बोट आणि आरसा तिन्ही एकाच जागी असतात. माउंट खाली करून मिरर बॉक्समध्ये हाताच्या ब्लोअरने चार फुंका मारा. डब्यातली दाबाची हवा वापरू नका, तिच्यातून द्रव उडतो. तोंडाने तर मुळीच फुंकू नका. मग फिल्टरच्या दोन्ही बाजू साफ करा, कारण एकदा बसला की मागची बाजू हाती लागत नाही.

बॉडी टेबलावर मऊ कापडावर उभी ठेवा, माउंट तुमच्याकडे. पाठीवर आडवी ठेवून वरून फिल्टर सोडायची सवय वाईट, हातातून निसटला तर थेट आरशावर. फ्रेम फक्त कडेने धरा, पातळ नायट्राइल हातमोजे असले तर उत्तम. कोणती कड कुठे यायची आणि कोणती बाजू आकाशाकडे, हे फिल्टरसोबतच्या कागदावर असतं, तिथे अंदाज चालवू नका. ईएफमध्ये सोनेरी पिनांचा ठोकळा माउंटच्या तळाला असतो. फ्रेमचा कोणताही भाग त्या पिनांवर चढता कामा नये. पिना स्प्रिंगवर असतात, वाकल्या की लेन्सशी संवाद तुटतो.

फिल्टर सपाट ढकलायचा नाही. थोडा तिरपा धरून एक कड आधी कठड्याखाली सरकवा, मग समोरची कड दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवून एकाच वेळी दाबा. मध्ये दाबलं तर फ्रेम बाक खाते आणि एकच टोक बसतं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालंय. खटका कधी ऐकू येतो, कधी नुसता बोटाला कळतो, म्हणून खटक्यावर विसंबू नका. टॉर्च तिरपा मारून फ्रेम आणि भिंत यांच्यातली काळी फट बघा. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती दिसली तर पुन्हा काढा.

पक्की खात्री करायची तर कॅमेरा तिपाईवर घट्ट लावा आणि लांबच्या दिव्याचं फिल्टरमधलं प्रतिबिंब बघत राहा. डोकं हलवू नका. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने फ्रेमचा (काचेचा नव्हे!) एकेक कोपरा हलकेच दाबा. फिल्टर इथे आरशाचं काम करतो, आणि आरसा जितका झुकतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंबाचा किरण वळतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी हालचालही इथे उडी मारून दिसते. चारही कोपऱ्यांना दिवा जागचा हलला नाही तर फिल्टर बसला. यापेक्षा जास्त घट्ट करायची गरज नसते.

नीट बसवूनही डुलत असेल तर कानांकडे बघा. स्प्रिंगचे पोलादी कान असतील तर कॅमेऱ्याबाहेर, काच झाकून, गुळगुळीत जबड्याच्या पक्कडीने किंचित बाहेरच्या बाजूला वाकवता येतात. एका वेळी केसभर, आणि मग बसवून बघायचं. अखंड अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मात्र वाकवायला जाऊ नका; ती वाकत नाही, एकदम तुटते किंवा काचेवर ताण देते.

बसवल्यावर बॅटरी घाला आणि लेन्स न लावता दोन-तीन शॉट मारा. आरशाचा आवाज नेहमीसारखाच यायला हवा. ठेच लागल्यासारखा किंवा घासल्यासारखा आला तर तिथेच थांबा. एक पोटभेद लक्षात असू द्या: तुमचा फिल्टर आरशाच्या पुढे बसतो, तिथे आरसा मोकळा हलतो. काही फुल-फ्रेम डीएसएलआरसाठीचे फिल्टर आरशाच्या मागे बसतात, ते आरसा वर धरूनच लावायचे आणि लाइव्ह व्ह्यूमध्येच वापरायचे असतात. तिथे आरसा खाली आला तर फिल्टरवर आदळतो.

काच_आणि_कोन

बसवण्याबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी तक्रारी वेगळ्या करतो, कारण चारही एका फिल्टरच्या माथी मारण्यासारख्या नाहीत.

जुळे तारे हे फिल्टरचंच काम. समांतर पृष्ठांची काच तिरपी झाली की प्रतिमा बाजूला सरकते. सरक म्हणजे जाडी गुणिले कोन (रेडियनमध्ये) गुणिले (अपवर्तनांक वजा १) भागिले अपवर्तनांक. साध्या काचेला शेवटचा गुणक १/३ येतो. १ मिमी काच १ अंशाने झुकली तर सरक सुमारे ६ मायक्रॉन. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, म्हणजे दीड पिक्सेलहून जरा जास्त. आता फ्रेमची लांबी २७-२८ मिमी धरली आणि एक कड अर्धा मिमी उचलली, तर कोन किती? बरोबर १ अंश. हिशेब जुळतो.

त्याहून मोठा पुरावा तुम्ही स्वतःच दिलाय, दोन्ही ऑप्टिक्सवर अंतर तेवढंच. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटची किंवा गायडिंगची चूक कोनात असते, त्यामुळे ४०० मिमीवर ती १३५ मिमीच्या तिप्पट पिक्सेल दिसायला हवी. तुमच्या सेन्सरवर १३५ मिमीला एक पिक्सेल ५.७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ४०० मिमीला १.९ विकला. फिल्टरची सरक मात्र मायक्रॉनमध्ये असते, तिला फोकल लांबीशी देणंघेणं नाही. पुढे कोणालाही जुळ्या ताऱ्यांचा छडा लावायचा असेल तर हीच कसोटी लावा: लेन्स बदला आणि पिक्सेल मोजा.

फिल्टर डुलतो कधी? आरसा उडताना. म्हणून लाइव्ह व्ह्यूमधून शूट करा किंवा मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय) लावून दोन-तीन सेकंद थांबा. अर्थात हा तात्पुरता इलाज. कान बसला की याची गरज निदान या कारणासाठी उरणार नाही.

कोपरा: इथे फिल्टरला दोष देऊ नका. समांतर काच तिरपी झाली तरी फोकसचं प्रतल तिरपं होत नाही, सगळीकडे फोकस जवळपास सारखाच मागे जातो. अंशभराच्या तिरपेपणाने येणारी दृष्टिवैषम्याची चूक एफ/५.५ ला नगण्य असते. एकच कोपरा बिघडणं म्हणजे सेन्सर आणि ऑप्टिक्स एकमेकांना तिरपे. कॅमेरा दुर्बिणीवर १८० अंशांनी फिरवा. बिघडलेला कोपरा फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहिला तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला, म्हणजे टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारं कडं) किंवा सेन्सर. समोरच्या कोपऱ्यात गेला तर फ्लॅटनर किंवा फोकसर. हीच चाचणी फिल्टर काढूनही करा, म्हणजे शंका उरणार नाही.

वलय: त्याचा व्यास मोजला तर कोणत्या दोन पृष्ठांमध्ये प्रकाश उसळला ते काढता येतं. व्यास म्हणजे दोन पृष्ठांमधल्या अंतराची दुप्पट भागिले एफ-संख्या. डीएसएलआरमधला क्लिप फिल्टर सेन्सरपासून लांब असतो, ३५ मिमी धरू. एफ/२.८ ला सेन्सर आणि फिल्टर यांच्यातल्या परावर्तनाचं वलय २५ मिमीचं होईल, म्हणजे जवळजवळ अख्ख्या फ्रेमभर. ते वलय म्हणून दिसतच नाही, नुसता धुरकट पडदा वाटतो. तुमचं सव्वाशे पिक्सेलचं वलय म्हणजे ०.४६ मिमी. फिल्टरच्या काचेच्या आतल्या आत, पुढच्या आणि मागच्या पृष्ठांमध्ये उसळलेल्या प्रकाशाचं वलय १ मिमी काचेला ०.४८ मिमी येतं (काचेत जाडीला अपवर्तनांकाने भागायचं). इतकं जुळतंय की बोट फिल्टरकडेच जातं. पण सेन्सरवरची संरक्षक काचही सेन्सरला जवळ असते आणि तीही याच मापाचं वलय देऊ शकते. तोच तारा फिल्टर काढून घ्या. वलय गेलं तर फिल्टरच्या लेपाचा गुण, बसवण्याशी त्याचा संबंध नाही आणि घट्ट करूनही ते जाणार नाही.

न विचारलेलं एक. १३५ मिमी एफ/२ वर हा फिल्टर पूर्ण उघडा वापरत असाल तर प्रकाश वाया जातोय. तिरप्या किरणांना अशा इंटरफेरन्स फिल्टरचा (पातळ थरांच्या लेपाने प्रकाश निवडणारा) पट्टा निळ्याकडे सरकतो. फिल्टरच्या थरांचा प्रभावी अपवर्तनांक २ धरला तर ६५६.३ नॅनोमीटरच्या आल्फा रेषेसाठी कडेच्या किरणाला एफ/२ वर सरक सुमारे ५ नॅनोमीटर, एफ/२.८ वर अडीच, एफ/४ वर सव्वा. पट्टा ७ चा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन. एफ/२ वर शंकूच्या बाहेरच्या कड्यातला प्रकाश पट्ट्याबाहेर पडतो, आणि त्या कड्यात एकूण प्रकाशाचा पाव हिश्श्याहून जास्त भाग असतो. एफ/२.८ ठेवा.

खटपट्या

कान व्यवस्थित बसूनही डुलत असेल तर काप्टन टेप. पातळ पॉलिइमाइडची पिवळसर टेप, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरतात ती. ५०-७० मायक्रॉन जाड. फ्रेमच्या बाहेरच्या कडेवर ३-४ मिमीचे तुकडे समोरासमोर लावायचे. एका थराने भागलं नाही तर दुसरा. कागदी टेप नको, तिचे तंतू सुटतात. फोमची दुहेरी टेप तर नकोच, ती दबते आणि सुटते, फिल्टर जास्तच डुलतो.

रात्री थंडीत फ्रेम आकसून ढिली होते, त्यासाठीही टेपचा एक थर बरा.

काच_आणि_कोन

थंडीचं फारसं खरं नाही. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला लाखात सुमारे २.३ भाग आकसतं. ३० मिमीची फ्रेम, तापमानात २५ अंशांची घट, तर आकसणं ०.०१७ मिमी, म्हणजे टेपच्या एका थराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं. बॉडीही सोबत आकसतेच. संध्याकाळी घट्ट आणि मध्यरात्री ढिला वाटत असेल तर तो संध्याकाळीही ढिलाच होता.

तिपाईवाला

टेपला माझी हरकत नाही, दोन अटींवर. तुकडा फ्रेमच्या कडेच्या बाहेर लोंबता कामा नये, आरशाच्या बाजूला तर मुळीच नाही. उचकटलेलं टोक आरशाला चिकटलं तर पुढचा खेळ महागात जातो. आणि टेप ही शेवटची पायरी, पहिली नव्हे. कान कठड्यावर चढलेला असताना टेप लावली तर फिल्टर तिरपाच पक्का होतो. मग खुळखुळ थांबते आणि माणूस समाधानी होतो.

न्यूटोनियन दुर्बीण वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अपवर्तक दुर्बिणीवर किंवा साध्या लेन्सवर कॅमेरा खाली आणि माउंट आकाशाकडे असतो, फिल्टर सुटलाच तर आरशावर पडतो. न्यूटोनियनमध्ये फोकसर वरच्या बाजूला आला की कॅमेरा पालथा होतो, आणि सुटलेला फिल्टर फोकसरच्या नळीतून थेट दुय्यम आरशाकडे. तिथे टूथपिकची चाचणी केल्याशिवाय कॅमेरा चढवूच नये.

लेन्सच्या मागच्या भागाचंही राहिलं. ईएफ-एस लेन्स, पांढऱ्या चौकोनी खुणेच्या, मिरर बॉक्समध्ये खोलवर येतात. आरशापुढे बसणाऱ्या क्लिप फिल्टरसोबत त्या लावायच्या नाहीत. तुमची १३५ लाल ठिपक्याची ईएफ असेल तर सहसा अडचण नाही. तरी नवीन लेन्स लावण्याआधी व्हर्नियरने दोन मापं घ्या: माउंटच्या कडेपासून फिल्टरच्या फ्रेमपर्यंतची खोली, आणि लेन्सच्या माउंटपासून तिचा मागचा सर्वांत बाहेर आलेला भाग. मागची काच फोकस करताना सरकते, म्हणून दुसरं माप फोकसच्या दोन्ही टोकांना घ्या, झूम असेल तर झूमच्याही दोन्ही टोकांना. मध्ये किमान १ मिमी मोकळी जागा हवी. लेन्स फिरवून बसवताना जरासाही अडथळा लागला तर जोर लावू नका.

आरसा_नको

मिररलेसबद्दल मी सांगतो. आरसा नाही म्हणून सोपं वाटतं, पण फिल्टरच्या मागे काही मिलिमीटरवर शटरचा पडदा असतो. त्याची पाती अतिशय पातळ. बोट किंवा चिमटा घसरला की पातं दुमडतं आणि शटर अख्खं बदलावं लागतं. काही बॉडी बंद करताच पडदा मिटवतात, धूळ जाऊ नये म्हणून. फिल्टर लावताना तो उघडा असलेला बरा, असं माझं मत. सेन्सरवरची काच पात्यांपेक्षा कणखर असते आणि काही सांडलं तर पुसताही येते. पडदा मिटवायचा की नाही याची सोय मेनूमध्ये असेल तर ती बंद ठेवा. निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये यांत्रिक शटर नाही, पण सेन्सरपुढे येणारी संरक्षक झडप आहे. फिल्टर आत असताना तिचाही विचार करा.

फ्रेम बॉडीनुसार बनते. एकाच माउंटच्या दोन मॉडेलांत सेन्सरभोवतीची चौकट वेगळी असू शकते. ‘सोनी ई साठी’ एवढं वाचून घेऊ नका, मॉडेलचं नाव यादीत आहे का ते बघा. एका मॉडेलचा दुसऱ्यात ‘जवळजवळ’ बसतो, आणि त्या जवळजवळमधूनच खुळखुळ निघते.

सेन्सर हलवून स्थिर करणारी सोय असेल तर ती बंद करा. तशीही तिपाईवर बंदच असायला हवी. फिल्टर चौकटीला धरलेला असतो, सेन्सरला नाही. सेन्सर त्याच्यामागे सरकला तर कडेची सावली बदलते आणि फ्लॅट (सावल्या आणि धूळ वजा करायला सारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) जुळत नाहीत.

काढताना फ्रेमला ओढायची पट्टी किंवा सोबत आलेलं प्लॅस्टिकचं हत्यार असेल तेच वापरा. धातूचा चिमटा नको. ओढ सरळ बाहेरच्या दिशेने द्या, तरफेसारखं उचकटू नका, कारण तरफेचा टेकू नेमका पडद्यावर येतो.

धुळीबाबतही फरक पडतो. कणाच्या सावलीचा व्यास म्हणजे सेन्सरपासूनचं अंतर भागिले एफ-संख्या. डीएसएलआरमध्ये ३५ मिमीवरचा कण एफ/५.५ ला सहा-साडेसहा मिमीची पुसट सावली देतो, लक्षातही येत नाही. मिररलेसमध्ये १० मिमीवरचा तोच कण १.८ मिमीचं स्पष्ट वडं उमटवतो. त्याचा फायदाही होतो. कॅमेरा दोन वेगळ्या स्थितींत ठेवून दोन फ्लॅट घ्या आणि एकाला दुसऱ्याने भागा. वड्याच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी कोर दिसली की फिल्टर सरकला.

ईएफ लेन्सा अ‍ॅडॉप्टरवरून कॅननच्या आरएफ बॉडीला लावणार असाल तर फिल्टर सरकवायची खाच असलेला अ‍ॅडॉप्टर कॅननच बनवतं. क्लिपच्या भानगडीत न पडता काम होतं. फक्त तिथे फिल्टर सेन्सरपासून लांब असतो, त्यामुळे वलय आणि कडेचा अंधार यांचा हिशेब डीएसएलआरसारखा करायचा.

मृगशीर्ष

सगळ्यांचे आभार. टूथपिकची चाचणी केली, वरचा डावा कान कठड्यावर चढलेला निघाला. काढून तिरपा सरकवला, दोन्ही टोकं एकदम दाबली. आता प्रतिबिंब हलत नाही, खुळखुळही नाही. लाइव्ह व्ह्यू न वापरता घेतलेल्या ४० फ्रेमांत एकही जुळी नाही. टेप लावली नाही.

फिल्टर काढून घेतलेल्या फ्रेममध्ये वलय नाही. म्हणजे तो लेपाचाच गुण.

कोपरा: कॅमेरा १८० अंश फिरवल्यावरही उजव्या खालच्याच कोपऱ्यात राहिला. फिल्टर काढल्यावरही तिथेच. टी-रिंग कशी तपासू? आणि फिल्टरमुळे फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचं ५५ मिमी अंतर बदलतं का?

काच_आणि_कोन

बदलतं. समांतर काच फोकस जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे ढकलते, १ मिमी काचेला ०.३३ मिमी. म्हणजे फ्लॅटनरच्या मागे ५५ ऐवजी ५५.३ मिमी हवेत. टी-रिंग आणि फ्लॅटनर यांच्यामध्ये ०.३ मिमीचं शिम (पातळ चकती) घाला. फिल्टर काढून शूट करताना शिमही काढायचं. अंतर चुकलं तर चारही कोपरे सारखेच बिघडतात, त्यामुळे तुमच्या एका कोपऱ्याचं उत्तर शिममध्ये नाही.

टी-रिंगमध्ये आतलं आणि बाहेरचं अशी दोन कडी असतात, तीन बारीक आडव्या स्क्रूंनी धरलेली. तिन्ही सारख्या आवळलेल्या नसल्या की आतलं कडं कललेलं राहतं. तिन्ही स्क्रू सैल करा, टी-रिंग सपाट काचेवर ठेवून वरून बोटाने दाबून धरा आणि स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. मग एक फ्रेम घ्या. कोपरा तसाच राहिला तर पुन्हा सैल करून आतलं कडं १२० अंश फिरवा आणि तेच करा. बिघाड दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर कडंच वाकडं आहे, टी-रिंग बदला. जिथल्या तिथे राहिला तर बाहेरचं कडं, बॉडीचं माउंट किंवा सेन्सर. सेन्सर तुमच्या बॉडीत एकदा उघडलेला आहे, आतला फिल्टर बदलताना. त्याचे स्क्रू परत त्याच खोलीवर बसले नसतील ही शक्यता मी पहिली धरेन.

मृगशीर्ष

कळलं. १३५ मिमीवर इन्फिनिटीला टेपने खूण केली होती, ती आता चुकते आहे. तेही या ०.३३ मुळेच?

काच_आणि_कोन

हो. प्रतिमा मागे गेली म्हणून लेन्स तेवढीच पुढे आणावी लागते, म्हणजे जवळच्या वस्तूला फोकस केल्यासारखी. किती जवळच्या, तर फोकल लांबीचा वर्ग भागिले ०.३३. १३५ मिमीला ५५ मीटर, ५० मिमीला साडेसात मीटर, २४ मिमीला पावणेदोन मीटर, १४ मिमीला जेमतेम ६० सेमी. आतल्या आत फोकस करणाऱ्या लेन्समध्ये खूण थोडी वेगळीकडे येईल, पण दिशा हीच. इन्फिनिटी गाठता येत नाही अशी भीती बाळगू नका, फिल्टरने ती आवाक्याच्या आतच येते. गाठता न येण्याची अडचण उलट असते, आतला फिल्टर काढून त्या जागी काहीच न बसवलेल्या बॉडीत. वाइड लेन्सना मात्र दुसरा त्रास आहे. त्यांच्या कडेची दुरुस्ती ठरावीक अंतरासाठी केलेली असते. मध्ये काच आली की मधले तारे टोकदार आणि कोपरे पसरलेले, असं होतं. एफ/४ पर्यंत बंद करा, थोडं सावरतं.

फिल्टर लावूनच फोकस करा, ठळक ताऱ्यावर, बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) लावून. ड्युअल-बँडमधून प्रकाश कमी येतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून आयएसओ तात्पुरता चढवा. जुनी खूण खरवडून टाका. दोन खुणा ठेवल्या की अंधारात हमखास चुकीचीच धरली जाते.